बादलचे उष्टावण

इंद्रकुमारला कोणतेही काम बेताने करता येत नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितले, तेव्हा पहिल्याच दिवशी आठ किलोमीटर चालून आला आणि आठवडाभर पाय शेकत बसला.

त्याच्याकडे बादल नावाचे लॅब्रॅडॉरचे पिल्लू आहे. पाकिटातले खाणे खाऊन ते धडधाकट होते. मग या गृहस्थाने मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि घरचे अन्न सुरू करायचे ठरवले. कसे? तर उष्टावण करून. आम्हा शेजाऱ्यांना आमंत्रणे गेली. मामा हवा म्हणून मेहुणा गजेंद्र सडक अर्जुनीहून आला. पिल्लाला पाटावर बसवून कुंकू लावले. बाळाच्या ओठांना खीर नुसती लावतात. येथे पंधरा जणांनी चमचे भरभरून चारली. एक चमचा माझाही होता.

"एवढं काऊन चारून राहिले जी?" इंद्रकुमारची बायको दुर्गेश्वरी म्हणाली. "त्याच्या पोटाले सवय नाही."

"घरचं कोनाले बाधते?" इंद्रकुमार म्हणाला.

संध्याकाळपर्यंत बादल ओकून ओकून आडवा झाला. जनावरांच्या डॉक्टरांनी विचारले, "खिरीत काय होतं?"

"दूध, तांदूळ, मनुका. पाव किलो टाकल्या साहेब, कंजुसी नाही केली."

"मनुकांनी कुत्र्याची किडनी जाते."

इंद्रकुमारने बादलच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "काजू टाकले असते तर चाललं असतं काय?"

डॉक्टरांनी बादलच्या पायाला सुई टोचली. तीन दिवस सलाइन चालले. पिल्लू जगेल की नाही, हे तेही सांगेनात. चौथ्या दिवशी बादल उठून पाणी प्याला.

तेव्हापासून त्याचा कटोरा दुर्गेश्वरीच्या ताब्यात आहे. डॉक्टरांनी होकार दिल्यावर तिने जुन्या खाण्यात एक चमचा मऊ भात आणि बिनहाडाचे उकडलेले चिकन मिसळले. मीठ, तेल, कांदा, लसूण काही नाही. दोन दिवस तेवढेच. शी बांधून होते आहे, हे पाहून मग दुसरा चमचा. बारा दिवसांत अर्धा कटोरा घरच्या अन्नाचा झाला.

"आता पुरा घरचाच करून टाक ना," इंद्रकुमार म्हणाला.

"डॉक्टरनं अर्धाच सांगितला. पुरा करायचा तं त्याईले इचारून."

"मी इचारतो."

"तुमी काहीच नका इचारू."

हल्ली बादल जेवतो तेव्हा ती आतून कडी लावते. इंद्रकुमार बाहेर उभा राहून विचारतो, "खाल्लं काय?" आतून फक्त कटोरा चाटल्याचा आवाज येतो.