दिवाळीनंतरची ग्रामसभा

त्या ग्रामसभेची तारीख मी पुढं ढकलली होती. का ढकलली, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही.

मी कचरा व्यवस्थापनाचा प्लॅनर. परभणी जिल्ह्यातल्या तीन लहान नगरपालिकांना मिळून एकच प्रकल्प उभा करायचा होता. याला आम्ही क्लस्टर म्हणतो. एकटीला मशिनरी परवडत नाही, तिघींनी मिळून घेतली तर परवडते. मीटिंगमध्ये एक सीओ, म्हणजे मुख्याधिकारी, म्हणाले, "खर्चात भागीदारी चालेल. जागा मात्र त्यांच्या हद्दीत बघा."

दुसरे म्हणाले, "मग वासाची पण भागीदारी करा की!"

शेवटी ताडकळसच्या पुढं एका गावचं गायरान सापडलं. वस्तीपासून लांब, तिन्ही शहरांना सोयीचं. आजही सांगतो, त्याहून चांगली जागा मिळाली नसती.

सर्व्हेच्या वेळी मारोतीमामा भेटले. त्यांची मेंढरं तिथंच चरायची, कडेच्या तळ्यावर पाणी प्यायची. त्यांनी चहा पाजला. मी सहज विचारलं, "वर्षभर इथंच असता का?"

"कुठलं वो! दिवाळी झाली की आमी समदे मेंढरं घेऊन निघतो. मिरगाला परत. तवर वस्तीवर म्हातारी माणसं अन् कुत्री."

गायरान घ्यायला ग्रामसभेचा ठराव लागतो. मेंढपाळ विरोध करणार, हे उघड होतं. सरपंच म्हणाले, "साहेब, दसऱ्याच्या आत घेऊन टाकू सभा."

"घाई कशाला? ड्रॉइंग होऊ द्या. दिवाळीनंतर घेऊ."

ड्रॉइंग माझ्या बॅगेत तयार होतं.

ठराव एकमतानं झाला. सीओ खूश. "एक हात विरोधात नाही! मानलं बुवा तुम्हाला."

मिरगाच्या तोंडावर मामा परतले, तेव्हा कुंपणाचे खांब उभे होते. ते थेट साइटवर आले. मी भांडणाच्या तयारीत होतो.

"साहेब, तळं तेवढं तरी सोडा. मेंढरं प्यायला कुठं जातील?"

तळं सोडलेलंच होतं. कुजलेल्या कचऱ्यातून काळं पाणी निघतं, त्याला लीचेट म्हणतात. ते तळ्यात जाऊ नये म्हणून अंतर सोडावंच लागतं. नियमच आहे. मी नकाशावर दाखवलं. मामांनी माझे हात धरले.

"लय उपकार झाले. बाकी आमचंच चुकलं. सभेला आमीच न्हवतो, तर कुणाला बोल लावायचा?"

मी म्हणालो, "चहा घ्या मामा."

प्रकल्प उत्तम चालतो. खत शेतकरी नेतात, तळ्याचं पाणी स्वच्छ आहे. चराई गेली, म्हणून मामांनी निम्मी मेंढरं विकली. ठराव एकमतानं झाला की आधी बघावं, सभेला कोण नव्हतं. एवढं मी शिकलो.

मामा दिसले की लांबूनच राम राम घालतात, तळ्याची आठवण काढतात. तुमचं काही चुकलं नव्हतं, तारीख मी बदलली, हे त्यांना सांगायचं राहिलं आहे. मामांना वाचता येत नाही. त्यामुळं लिहून भागणार नाही, जावंच लागेल.