भावाच्या नोकरीचा सौदा

वडील गेले तेव्हा मी नववीत होतो आणि धाकटा भाऊ चौथीत. मी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर उभा राहिलो, तो शाळेत जात राहिला. पुढे मी जुनी यंत्रं घेऊन, दुरुस्त करून विकायचा धंदा उभा केला. भावाने एम.एस्सी. केलं, बी.एड. केलं, प्राध्यापक व्हायला लागते ती सेटची परीक्षाही काढली. खोटं कशाला सांगू, त्याच्या प्रमाणपत्रांवर त्याच्यापेक्षा माझाच हक्क जास्त आहे, असं मला वाटायचं.

माझ्या शेडमध्ये सातवी नापास माणसं आहेत. त्यातला एकही आठवडाभर रिकामा बसलेला मी पाहिला नाही. माझ्याकडे काम नसलं की तो सेंट्रिंगला जातो, हमाली करतो, कारण संध्याकाळी चूल पेटवायची असते. ज्यांच्या घरी भरपूर आहे त्यांची मुलंही शिकली की कुठेतरी चिकटतातच. रिकामी राहतात ती आमच्यासारख्यांच्या घरातली. हमाली करण्यापलीकडे शिकलेली, पण नोकरी विकत घेण्याइतकी श्रीमंत नसलेली. भाऊ चाळिशीला आला तरी गारगोटीच्या पुढच्या एका कॉलेजात तासावर शिकवत होता. जितके तास तितका पगार, सुट्टीत काही नाही. दोन स्थळं त्यावरूनच परत गेली.

मग त्याच कॉलेजात कायमची जागा निघाली. मुलाखत नावाला होती. संस्थेला काय द्यायचं ते अध्यक्षांच्या बंगल्यावर ठरणार होतं. जाताना भाऊ म्हणाला, "दादा, तू नुसतं व्हय म्हण. पैशाचं कायतरी करू. तिथं घासाघीस करू नगंस."

मी हसलो. घासाघीस करू नको म्हणून मला सांगणारा आजवर भेटला नव्हता.

अध्यक्षांनी आकडा सांगितला. मी निम्म्यावर आलो. ते थोडं उतरले, मी थोडा चढलो. चहा आला. भाऊ शेजारी मान खाली घालून बसला होता, बघायच्या कार्यक्रमाला बसवलेल्या पोरीसारखा.

"सेट झालेला माणूस हाय, साहेब," मी म्हटलं. "बारा वर्षं तुमचीच पोरं शिकवतोय. त्याचं कायतरी धरा की."

"सेट झालेले रोज दहा येत्यात. आणि पावणं, हे काय भंगार न्हाय किलोवर बोलायला."

भंगार हा शब्द मला लागला. धंद्यातली माझी एक रीत होती. सौदा अडला की उठायचं, सावकाश चपला घालायच्या. दारापर्यंत पोचायच्या आत समोरचा हाक मारतो. त्या दिवशी मी उठलो तो रागाने की सवयीने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. "ठेवा तुमची जागा," असं मात्र मोठ्याने म्हणालो.

बाहेर येऊन चपला घातल्या. पट्टा सोडून पुन्हा लावला. आतून हाक आली, पण ती शिपायाला होती. "पुढच्यास्नी पाठव रे."

बाकावर बसलेला एक बाप आपल्या मुलाला घेऊन आत गेला. भावाने माझा दंड धरला. "दादा, मागं चल. पाया पड त्यांच्या. मी पडतो."

मी गाडी सुरू केली.

वाटेत तो एकदाच बोलला. "एखादं मशीन तुला परवडलं न्हाय तर तू दुसरं बघतोस. मला दुसरं कुठं हाय?"

जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा वेळापत्रकात त्याचे होते ते तासही नव्हते. त्या अध्यक्षांचा राग माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि मी जाऊही देणार नाही. पण परत आत जायला चार पावलं पुरली असती, हे मला कुणी सांगायला नको.

वर्षभर भाऊ घरी बसला. माझ्या शेडमध्ये ये म्हटलं, आला नाही. कागलकडच्या दोन कारखान्यांत स्टोअरकीपरच्या जागेसाठी गेला. एवढं शिकलेला माणूस टिकत नाही, म्हणून दोघांनी परत पाठवलं. तिसऱ्या कारखान्यात त्याने अर्जावर शिक्षण बारावी लिहिलं. लगेच लागला. आईला आम्ही फक्त कंपनीत लागला एवढंच सांगितलं.

"तुझी तिकडं ये-जा असती," तो मला म्हणाला. "कुणी इचारलं तर मी बारावीच."

गेल्या महिन्यात त्या कारखान्यात एक जुनं ड्रिलिंग मशीन बघायला गेलो. मॅनेजर भावापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला गोड. म्हणाला, "तुमचा भाऊ फार हुशार आहे हो. परवा आमच्या इंजिनिअरची चूक काढली त्यानं. तुम्ही त्याला पुढं शिकवायला पाहिजे होतं."

काचेपलीकडे भाऊ खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. त्याला ऐकू गेलं असणार. त्याने मान वर केली नाही.

"परिस्थिती नव्हती, साहेब," मी म्हटलं.