क्योक मुळं

सालकीन आपासमोर कुणी येऊन बसलं की ती खुशाली विचारत नाही. अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढते आणि आत बघते. गुलाबी दिसलं तर चहा, फिकट दिसलं तर काळजाचा रस्सा. नारीनच्या जनावरांच्या दवाखान्यात तिनं सत्तावीस वर्षं मदतनीस म्हणून काढली. मेंढी तोंडानं काही सांगत नाही; जे काही कळतं ते पापणीवरून, हिरडीवरून आणि लेंड्यांवरून. निवृत्ती मिळाली, पण अंगठा काही निवृत्त झाला नाही. मागे विजेचा मीटर बघायला आलेला माणूस आकडा टिपायचा विसरला आणि जंतांचं औषध घेऊन गेला.

अशा बाईच्या घरी जानेवारीत एक ऑर्किड आलं.

पाठवलं होतं विहीणबाईंनी, म्हणजे कुलिपानं, बिश्केकहून, टॅक्सीवाल्याच्या मांडीवर ठेवून. त्याच आठवड्यात मुलगा आणि सून मॉस्कोला कामाला गेले होते आणि त्यांची एक वर्षाची मुलगी बेगाइम सालकीनकडे राहिली होती. तीही कायमची नाही. कुलिपा वाचनालयातून मार्चमध्ये निवृत्त होणार होती. मग तिनं यायचं, बघायचं, आणि पोर नारीनमध्ये ठेवायची की बिश्केकला न्यायची ते ठरवायचं, असं बोलणं झालं होतं. बोललं कोण, तर कुलिपाच. बाकीच्यांनी ऐकलं.

"झाड कशाला पाठवलं असेल?" सालकीननं नवऱ्याला विचारलं.

"परीक्षा आहे तुझी," तोक्तोसुन म्हणाला. "झाड जगलं तर पोर राहील."

तो थट्टेनं म्हणाला, पण सालकीनच्या डोक्यात ते खिळ्यासारखं बसलं.

झाडाची एकेक तऱ्हा होती. कुंडी पारदर्शक, आत माती नाही, नुसते सालींचे तुकडे, आणि त्यातून सगळी मुळं उघडी. बाहेर उणे अठ्ठावीस आणि हे असं खिडकीत! सालकीननं त्याच संध्याकाळी जुन्या जाड लोकरी नमद्याचं एक जाकीट शिवून कुंडीला चढवलं. पुढे एक बटण ठेवलं, तपासणीसाठी. मग विहीणबाईंना फोन लावला.

"पाणी कधी द्यायचं?"

"मुळं बघायची, विहीणबाई. सगळं मुळांच्या रंगावर असतं. माझ्याकडे कार्ड आहे, वाचूनच सांगते. मुळं क्योक असली की झाड मजेत आहे. पाण्याला हातसुद्धा लावायचा नाही. लोक काय करतात, मायेनं रोज ओततात आणि मुळं कुजवतात."

"क्योक असली की पाणी नाही," सालकीननं तोंडी परीक्षा दिल्यासारखं म्हणून दाखवलं.

आता तिकडच्या बोलीत क्योक हा रंगाचा एकच शब्द फार ठिकाणी राबतो. आभाळ क्योक, कोवळं गवतही क्योक. नुसत्या हिरव्याला वेगळा शब्द आहे, पण तो मुलांच्या रंगपेटीतच जास्त सापडतो. आणि राखाडी रुपेरी घोडा, तोही क्योक. सालकीनच्या वडिलांकडे तसाच एक होता. तिनं बटण काढलं, दिव्याखाली मुळं पाहिली. अगदी त्या घोड्याच्या मानेचा रंग. तिला इतकं बरं वाटलं की तिनं रात्रीच्या जेवणात चरबीचा एक तुकडा जास्त टाकला.

दर रविवारी फोन होई.

"कशी आहेत मुळं?"

"क्योक."

"वा! मग राहू दे तसंच."

चौथ्या रविवारी शेवटचं फूल गळलं. पाचव्याला पानं सुरकुतली आणि कानांसारखी खाली लोंबली. सालकीननं पानाला हलकेच चिमटा काढून बघितला. मेंढीची कातडी अशी ओढून सोडली आणि ती पटकन बसली नाही, तर अंगात पाणी उरलेलं नसतं, हे तिनं हजार वेळा पाहिलं होतं. पान तहानलेलं होतं. तिच्या बोटांना ते कळत होतं. पण मुळं क्योक होती, आणि शब्द विहिणीचा होता.

"मेंढी असती तर एव्हाना तिच्या घशात नळी घातली असतीस," तोक्तोसुन म्हणाला.

"मेंढी विहीणबाईंनी पाठवलेली नव्हती."

"मग पुन्हा विचार की."

"आणि त्या म्हणतील, एक साधी गोष्ट कळत नाही, हिच्यापाशी पोर कशी ठेवायची?"

दुसऱ्या दिवशी तोक्तोसुन बाजारातून पिशवी लपवत आला. तिच्यात प्लॅस्टिकचं ऑर्किड होतं, जांभळं, पाकळीवर कारखान्याचा शिक्का. "लांबून तर कळणार नाही," तो म्हणाला. सालकीननं त्याच्याकडे असं पाहिलं की ते त्यानंच उचलून न्हाणीघरात ठेवलं.

सातव्या आठवड्यात कुलिपा आली. हातात मोठी रिकामी बॅग. रिकामी बॅग कशासाठी असते हे सालकीनला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं विहिणीला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं, पाठीशी उशा लावल्या, चहा ओतला. कुलिपानं बेगाइमला मांडीवर घेतलं, गाल दाबून पाहिले, आणि मग खिडकीकडे बघत म्हणाली, "हे काय, झाडाला कोट?"

सालकीननं बटण काढलं.

"अहो विहीणबाई! ही मुळं तर वाळून काष्ठ झालीत!"

"क्योक आहेत."

"कुठे क्योक? नीट बघा!"

"मीच नीट बघतेय, सात आठवडे!" सालकीनचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुम्ही म्हणालात क्योक असली तर हात लावू नका. मी हात लावला नाही. पान मरत होतं तरी लावला नाही."

"मी क्योक म्हटलं म्हणजे गवतासारखं!"

"आणि माझ्या वडिलांचा घोडा? तो कसला होता?"

"मला काय माहीत तुमच्या वडिलांचा घोडा!"

"क्योक होता," कोपऱ्यातून तोक्तोसुन म्हणाला. "हीच मुळं, फक्त चार पायांवर."

कुलिपानं पुन्हा मुळांकडे पाहिलं. मग ती उठली. परातीत कोमट पाणी मागवलं आणि कुंडी त्यात बसवली. तिघंही आजूबाजूला उकिडवी बसली, बेगाइम परातीत हात मारायला धडपडत होती. पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग एका मुळावर रुपेरी रंग हळूहळू भिजल्या कापडासारखा गडद झाला, आणि खालून हिरवा उमटला. मग शेजारच्या मुळावर.

"या अल्ला," सालकीन म्हणाली, "जिवंत आहे."

तिनं बोटानं एकेक मूळ दाबून पाहिलं, मेंढीचे सड तपासावेत तसं. टणक ती चांगली, दाबल्यावर पिचकणारी तपकिरी ती कुजलेली. ती तिनं खूर कापायच्या कात्रीनं छाटली आणि कापल्या जागी राख लावली.

"पण काय हो," कुलिपा डोळे बारीक करून म्हणाली, "पाणीच दिलं नाही, तर ही तळाची कुजली कशी?" तिनं सालींमध्ये बोट घातलं आणि चहाची एक भिजलेली पत्ती बाहेर काढली.

सगळ्यांनी तोक्तोसुनकडे पाहिलं.

"उरलेला चहा होता," तो म्हणाला. "थंड. बिनदुधाचा. ही झोपली की थोडा थोडा ओतत होतो. मला त्याचे कान बघवेनात."

सालकीनला जमिनीत जावंसं वाटलं. आता बॅग भरली जाणार. पण कुलिपा हसत सुटली. इतकी, की बेगाइमही तिच्याकडे बघून खिदळायला लागली.

"घरी मी तीन ऑर्किडं मारलीत," ती डोळे पुसत म्हणाली. "तिन्ही पाणी पाजून पाजून. कार्ड पाठ होतं तरी. विहीणबाई, मला धास्ती होती की तुम्ही माझं एक अक्षर ऐकणार नाही, पोरीला चरबी चोखायला द्याल."

तोक्तोसुन एकदम छताकडे बघायला लागला.

"आणि तुम्ही तर असं ऐकलंत की झाडाचे प्राण कंठाशी आणलेत! नशीब, या घरात एक माझं ऐकणारी आहे आणि एक न ऐकणारा. दोघांच्या मधे पोर जगेल."

"म्हणजे राहू द्यायची?" सालकीननं विचारलं.

"राहू दे. पण झाडाचं मला बघायचंय. ते सावरेपर्यंत मी हलत नाही."

कुलिपानं बॅग उघडली. ती अगदीच रिकामी नव्हती. तळाशी तिचा नाइटगाऊन आणि सपाता होत्या. सालकीननं आनंदानं आतल्या खोलीत गाद्या घातल्या, आणि तोक्तोसुन आपली गादी बगलेत मारून स्वयंपाकघराकडे निघाला. दारात त्यानं बायकोला गाठलं.

"सावरलं हे कशावरून कळतं?"

"नवीन पान आलं की."

"ते कधी येतं?"

"ते कार्डावर लिहिलेलं नाही," सालकीन म्हणाली आणि बेगाइमला झोपवायला आत गेली.