तिच्या सीटखालची बॅटरी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडीच्या बॅटऱ्यांत पाणी भरणं. संध्याकाळची वेळ. मागच्या तीन बॅटऱ्यांत मी नरसाळ्यानं पाणी ओतत होतो आणि बायको पुढच्या सीटवर बसून लसूण सोलत मला शिकवत होती. चौथी बॅटरी तिच्याच सीटखाली.

"ऊठ जरा," मी म्हणालो.

"आत्ता टेकलेय. माझे गुडघे काय तुमची मोटार हायेत, बटण दाबलं की चालू? उद्या भरा."

राहिली ती बॅटरी तशीच.

ही गाडी मी तिच्यासाठीच केली होती. आमचा झेंडूचा मळा शहराला लागून. तिचे गुडघे धरले आणि फुलबाजार सुटला. बाजारात तिला गिऱ्हाईक होतं, भांडायला बायका होत्या. घरात भांडायला मी एकटा. तिला पुन्हा बाजारात नेल्याशिवाय दोघांनाही सुख नव्हतं.

मी वेल्डिंगवाला. तिसरी नापास, पण लोखंड माझं ऐकतं. भंगारातली तीनचाकी आणली, इंजिन काढून बॅटरीवरची मोटार बसवली. चारही बॅटऱ्या मागं, फुलांच्या पाट्यांखाली कोंबल्या आणि छाती फुगवून तिला शेजारी बसवलं.

मळ्यातून डांबरी रस्त्याला लागताना चढ आहे. तिथं पुढचं चाक उचललं. मी हँडल वळवतोय आणि गाडी सरळ शेजारणीच्या मेथीत.

"मेथी जुडीनं नेत्यात, गाडीनं नाय!" शेजारीण ओरडली.

मला वाटलं, संपलं. ही आता परत बसत नाही. तर बायको मेथीत उभी राहून हसतेय.

"अहो, गाडी उलाळ झाली! मागं वजन झालं की बैलगाडीचं जू वर उठतं, एवढं कळत नाय? एक बॅटरी पुढं घ्या."

"पुढं जागा कुठंय? तिथं तू बसतेस."

"मग माझ्याखाली ठेवा. कोंबडीगत उबवीन."

मी लोखंडी पेटी केली, वाफ जायला बाहेरच्या अंगाला जाळी ठेवली, वर फळी, फळीवर गादी. दुसऱ्या खेपेला गाडी चढ चढली ती मुकाट. त्यानंतर कितीतरी वर्षं ती त्या पेटीवर बसून बाजाराला गेली. बाजारातल्या बायकांना सांगायची, "डायवर भाड्याचा हाय. मालकीण मी."

लसूण सोलला त्या रात्री ती झोपली ती उठलीच नाही. सकाळी माणसं जमली, दुपारपर्यंत सगळं उरकलं. रड, रड म्हणून लोक माझ्या मागं लागले. मला काही रडू येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भेटायला येणारे यायच्या आत, मी गाडीपाशी गेलो. गादीवर लसणाची सालं पडली होती. ती झटकली, गादी उचलली, फळी काढली. चौथ्या बॅटरीची सहाही बुचं उघडली, एकेक करून पाणी भरलं आणि गाडी चार्जिंगला लावली.