इतिवृत्तात न लिहिलेले शब्द

मुलांनो, गेल्या महिन्यात फोनवर तुम्ही मला एक प्रश्न विचारलात आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या तिकडच्या एका खासदाराने आपल्यासारख्या रंगाच्या लोकांबद्दल काहीतरी घाणेरडं म्हटलं आणि त्याच्याच पक्षाने त्याला बाहेर काढलं, असं तुम्ही सांगत होतात. मग धाकटीने विचारलं, "आजी, तुमच्याकडे असं कोणी बोललं तर पक्ष काय करतो?" मी म्हटलं, आपल्याकडे असं कोणी बोलत नाही.

आपल्याकडे बोलतात. पक्षाने काय केलं तेही मला ठाऊक आहे, कारण ते मीच लिहून घेतलं होतं.

हे इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं आणि तुम्हाला वाचणंही. पण इंग्रजीत मी आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं सभ्य करून लिहिलं. गिरगावातल्या इंग्रजी शाळेतून निघाले, टायपिंग-शॉर्टहँडच्या परीक्षा दिल्या आणि फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात स्टेनो म्हणून लागले ती निवृत्त होईपर्यंत तिथेच. साहेब तावातावाने सांगायचे, त्या चोराला म्हणावं कोर्टात ये. मी टाइप करायची, आपल्या अशिलास कळविण्यात यावे. साहेबांना ते आवडायचं. मलाही आवडायचं. हे मराठीत लिहिलं म्हणजे निदान ती सवय मध्ये येणार नाही, असं वाटतं. तुमची आई वाचून दाखवेल.

निवृत्त झाल्यावर आजोबांनी मला त्यांच्या पक्षाच्या दादरच्या कार्यालयात नेलं. खाली चष्म्याचं दुकान, वर दोन खोल्या. तिथल्या शिस्तपालन समितीला बैठकांचं इतिवृत्त लिहायला कोणीतरी हवं होतं. मी समितीची सदस्य नव्हते, कोपऱ्यात बसून लिहायची एवढंच. पाच माणसं होती. अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना सगळे सर म्हणत. तक्रारी बहुतेक किरकोळ असत. कोणी कोणाचा बॅनर फाडला, कोणी व्यासपीठावर कोणाला आईवरून शिवी दिली. सरांचा एक दंडक होता. इतिवृत्तात शिवी लिहायची नाही. पुढच्या बैठकीत ते मोठ्याने वाचून कायम करायचं असतं, बायका बसलेल्या असतात, म्हणून तिथे 'अपशब्द' किंवा 'अनुचित उद्गार' लिहायचं. मला हे शिकवावं लागलं नाही. सर म्हणायचे, बाईंचं इतिवृत्त देवापुढे वाचावं असं असतं.

तेव्हा आपल्या प्रभादेवीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तीन मुली भाड्याने राहायच्या. तिघीही परळच्या एका हॉस्पिटलात नर्स. त्यातली एक ईशान्येकडच्या डोंगरातली होती. सुरुवातीचे काही महिने मी तिला 'ती नेपाळी मुलगी' म्हणायची. आजोबांनी एकदा मला ॲटलास उघडून तिचं राज्य दाखवलं आणि म्हणाले, इंग्रजी शाळेत भूगोल नव्हता वाटतं. आजोबांच्या शेवटच्या आठ महिन्यांत ती रोज ड्यूटीला जाण्याआधी साडेसहाला खाली येऊन त्यांना इंजेक्शन द्यायची. चहा घ्यायची, दुसरं काही नाही. आजोबांना तिचा हात कळायचासुद्धा नाही. तिच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी द्यायची तेव्हा ते आधीपासूनच डोळे मिटून बसायचे.

ते गेले त्याच्या पुढच्या वर्षी आपल्या गल्लीतल्या मंडळाने रक्तदान शिबिर ठेवलं. उद्घाटनाला आमच्या पक्षाचे आमदार आले. डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेला मुलगा, वडील गिरणीत होते. आजोबांनी त्याला पहिल्यांदा तिकीट मिळावं म्हणून खटपट केली होती. मला काकी म्हणायचा, भेटला की वाकून नमस्कार करायचा. फोटोसाठी तो खाटेवर आडवा झाला आणि आपली तिसऱ्या मजल्यावरची मुलगी रक्तदाब घ्यायला पट्टा घेऊन पुढे आली. तिला बघून त्याने हात मागे घेतला आणि तो मोठ्याने काहीतरी बोलला. भोवतीचे लोक हसले. मी दुसऱ्या रांगेत होते. मी पर्स उघडून चष्मा शोधायला लागले. चष्मा माझ्या नाकावर होता.

तिने तोच पट्टा शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या दंडाला बांधला.

कोणीतरी व्हिडिओ घेतला होता. त्यात ढोलाचा आवाज आणि हशा ऐकू येत होता, शब्द ओळखू येत नव्हते. तरी तो फिरला. हॉस्पिटलच्या नर्सनी काळ्या फिती लावल्या, पेपरात आलं आणि पक्षाला चौकशी नेमावी लागली. ती आमच्याच समितीकडे आली. आमदाराने लेखी कळवलं की आपण फक्त थट्टा केली, कोणाच्या दिसण्यावर बोललोच नाही. म्हणजे सगळा भार त्या मुलीच्या सांगण्यावर होता.

ती यायला तयार नव्हती. मी दोनदा तिसरा मजला चढले. ती म्हणाली की रोज बसस्टॉपवर कोणीतरी काहीतरी बोलतंच, कुठे कुठे जायचं. दुसऱ्यांदा मी तिला सांगितलं की तिथे लिहून घ्यायला मीच असणार आहे, तू बोलशील तो शब्द न् शब्द कागदावर येईल आणि मग त्याला नाही म्हणता येणार नाही. हे मी तिला सांगितलं होतं. याच्यापुढचं जे काही आहे ते या वाक्यामुळे आहे.

ती आली, ड्यूटीवरून थेट. समितीतल्या एका बाईंनी तिला प्रेमाने वडा दिला आणि विचारलं, तुमच्याकडे तिकडे भात खातात का. ती म्हणाली, खातात. मग तिने काय झालं ते हिंदीत सांगितलं. आमदाराचे शब्द तिने होते तसे मराठीतच म्हटले. आपली मराठी तिला चांगली कळत होती, आजोबांनी शिकवली होती. सरांना नीट ऐकू आलं नाही, त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. तिने पुन्हा सांगितले, अधिक मोठ्याने. समोर पाच परकी माणसं, खाली मान घालून बसलेली. शॉर्टहँडमध्ये आवाज लिहितात, त्यामुळे भाषा कुठलीही चालते. माझी पेन्सिल कुठे अडली नाही.

अडली ती घरी, टाइप करताना. त्या ओळीपाशी आल्यावर माझी बोटं चालेनात. मला ते शब्द तिच्या नावाशेजारी बघवेनात. मला वाटलं, मी तिचीच लाज राखते आहे. मी टाइप केलं: 'सदर सदस्यांनी तक्रारदार भगिनीस उद्देशून अनुचित उद्गार काढले.' कोणी सांगितलं नव्हतं. सरांनीही नाही.

पुढच्या बैठकीत ते वाचलं गेलं, कायम झालं, पाचही जणांनी सह्या केल्या. आमदाराला सहा महिन्यांसाठी निलंबित केलं. पेपरात पक्षाचं कौतुक आलं. मी वर जाऊन तिला बातमी दाखवली. तिने ती दोनदा वाचली आणि घडी घालून उशाखाली ठेवली.

आमदाराने वरच्या समितीकडे अपील केलं. तिथे नवीन साक्ष घेत नाहीत, खालचं इतिवृत्त बघतात. त्याच्या वकिलाने एवढंच विचारलं की अनुचित उद्गार म्हणजे कोणते. अरे-तुरे केलं तेही अनुचित असू शकतं. खुलाशासाठी मला बोलावलं तेव्हा मी शॉर्टहँडची वही घेऊन गेले. एका गृहस्थाने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, बाई, या रेघोट्या तुमच्याशिवाय कोणाला वाचता येणार. मी म्हटलं, पाच सदस्यांनी ऐकलंय, त्यांना विचारा. विचारलं. चौघांना नेमकं आठवत नव्हतं. सर म्हणाले, "मी सही केलेल्या मजकुराबाहेर मला काही म्हणायचं नाही." परत येताना जिन्यात त्यांनी माझी छत्री धरली आणि म्हणाले की तुम्ही काही चुकीचं केलं नाहीत, आपली रीतच ती आहे.

मग वरच्या समितीने अपवाद म्हणून सांगितलं की तक्रारदाराने पुन्हा येऊन सांगावं. मी पुन्हा तिसरा मजला चढले. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं, फक्त ते शब्द का लिहिले नाहीत हे मला नीट सांगता आलं नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आंटी, मैंने दो बार बोला था. आपने लिखा था ना?"

तिने उरलेले कपडे वाळत घातले आणि मला पाणी आणून दिलं. ती वरच्या समितीपुढे गेली नाही, आणि मी तिला जा म्हणू शकले नाही.

हुकूम एका पानाचा होता. इतिवृत्तात नेमके उद्गार नमूद नसल्याने निलंबन रद्द, सदर सदस्यांना समज देण्यात येत आहे. चौथ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी त्याच्या स्वागताचा फलक लागला.

त्याच आठवड्यात तो माझ्याकडे आला. हातात पेढ्यांचा बॉक्स, देवळातून थेट आला होता. आजोबांच्या फोटोला हात जोडले, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "काकी, तुम्ही सांभाळून घेतलंत. काका असते तर त्यांनी हेच केलं असतं."

मी म्हटलं, मी तुला सांभाळलेलं नाही. माझी चूक झाली.

तो हसला. राग नव्हता, कौतुक होतं. घरच्या मालवणीत म्हणाला, "माका सगळा म्हायत आसा, काकी. ह्या गोष्टी बोलायच्या नसतात."

मी पुन्हा सांगितलं, वहीही दाखवली. तो मान डोलावत राहिला, लहान मुलाचं ऐकावं तसा. त्याचा विश्वास बसलाच नाही. मग माझ्या लक्षात आलं की कोणाचाच बसणार नाही. सर, समिती, अख्खं कार्यालय, सगळ्यांनी हेच गृहीत धरलं होतं की जुन्या माणसाच्या बायकोने जुन्या ओळखीला जागून लेखणी आवरली. काही जण मला त्याबद्दल मान देत होते.

त्याला पोचवायला मी दारापर्यंत गेले, बॉक्स माझ्या हातातच होता. ती जिना उतरत होती, ड्यूटीच्या कपड्यांत. त्याने तिलाही नमस्कार केला. तिने माझ्या हातातल्या बॉक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि भिंतीच्या बाजूने आम्हाला वाट देऊन खाली गेली.

महिन्याभरात तिने जागा सोडली. तिच्या खोलीतल्या मुलीने सांगितलं की दक्षिणेत कुठेतरी नोकरी मिळाली. जाताना माझ्याकडे आली नाही. तिचा नंबर लागत नाही. पत्र लिहून मी हॉस्पिटलच्या पत्त्यावर दिलं होतं, ते पुढे गेलं की नाही ठाऊक नाही. त्यात मी माफी मागितली होती आणि ते वाक्य अखेर पूर्ण लिहिलं होतं. मी दादरला जाणं बंद केलं. आमदार अजून आमदार आहे.

त्याने म्हटलं होतं: "ह्या चिंकीच्या हातून नको रे बाबा. आधी गल्लीतली कुत्री मोजा, एखादं कमी झालं असेल." हे तुम्हाला ऐकायला लावते आहे त्याबद्दल मला वाईट वाटतं, पण हे गाळून ही गोष्ट सांगता येत नाही, हे मी शिकले आहे. तुम्हाला तिकडे कोणी काही म्हटलं तर ते शब्द तसेच लिहून ठेवा. तुमच्या वतीने कोणी सभ्य होऊ लागलं तर त्याला लिहू देऊ नका.

वही शाबूत आहे. दिवाणखान्यातल्या कपाटाच्या दुसऱ्या खणात, निळ्या फायलीत, बेचाळिसावं पान. पेन्सिल पुसट झालेली नाही. आता ते वाचणारी मी एकटीच असल्यामुळे पूर्ण पान देवनागरीत उतरवून, खाली सही करून, त्याच फायलीत लावलं आहे.