व्होबोरिलच्या थोराड गाई

एल्डन व्होबोरिलची वासरं ऑक्टोबरच्या लिलावात रिंगणात शिरली, की बाकांवरची माणसं हातातली कॉफी विसरायची. नेब्रास्काच्या आमच्या या वाळूच्या टेकड्यांत माणसाचं वजन त्याच्या वासरांच्या वजनावरून ठरतं, आणि त्या मापाने एल्डन पंचक्रोशीतला सगळ्यात वजनदार गडी होता. अंगाने म्हणाल तर काडी. पँट निव्वळ पट्ट्याच्या मेहेरबानीवर उभी.

त्याची रीत सोपी होती. दर साली वासरं विकायला काढताना सगळ्यात थोराड कालवडी तो घरी ठेवून घ्यायचा, बाकीच्या बाजारात. हे चाळीस वर्षं चाललं. कालवडींच्या गाई झाल्या, त्या गाईंच्या कालवडींतल्या पुन्हा सगळ्यात मोठ्या घरी राहिल्या, आणि हळूहळू त्याच्या कुरणात गाईंऐवजी लहानसे ट्रकच चरताहेत असं वाटायला लागलं.

शेजारचा रॉयस केमलिंग लिलावाच्या कँटीनमध्ये चिलीचा, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याचा, वाडगा आणि दालचिनीचा रोल पुढ्यात घेऊन म्हणायचा, "एल्डन, तुझी गाय काल कुंपणाला नुसती टेकली. कुंपणाने माफी मागितली रे!"

"तुझी वासरं आधी गवताच्या वर दिसू देत," एल्डन म्हणायचा. "परवा ससा समजून बंदूक काढणार होतो मी."

हे ऐकून सगळे हसायचे आणि एल्डन रोलचा तुकडा चिलीत बुडवायचा. त्याच्या सुखाचा तो परमोच्च क्षण.

दुःख मार्चमध्ये यायचं. बर्फ वितळलेलं नसायचं आणि घरच्या गवताच्या गंज्या संपलेल्या असायच्या. मग पूर्वेकडून गवताचे ट्रक मागवायचे. वासरांनी आणलेला पैसा गाईंच्या पोटात परत. गवत विकणारा माणूस एल्डनला नाताळात हॅम भेट पाठवायचा, यावरून काय ते समजा. एल्डन दोष द्यायचा हिवाळ्याला. हिवाळा बिचारा उलटून बोलत नाही.

पण यंदा गोष्ट वेगळी होती. त्याची मुलगी शॉना नवरा आणि लेकरू घेऊन कर्नी शहरातून कायमची परत यायचं म्हणत होती. एल्डनचे गुडघे गेलेले. ती आली नाही, तर जमीन कुणा परक्याला चरायला द्यावी लागणार हे त्यालाही कळत होतं. आणि त्या जमिनीवर एकच घर कसंबसं चालत होतं, दुसरं कुठून चालणार?

"या की," एल्डन म्हणायचा.

"येऊन खाऊ काय, डॅड? हॅम?" शॉना म्हणाली, आणि वासरं आईच्या दुधापासून तोडायच्या आठवड्यात कुठून तरी गुरांचा वजनकाटा मागून घेऊन आली.

वासरांची वजनं एल्डनला तोंडपाठ होती. गाईचं वजन त्याने जन्मात केलं नव्हतं. आमच्याकडे कुणीच करत नाही, विकायचं ते तोलायचं. "बाराशे पौंड असेल," पहिली गाय काट्यावर चढली तेव्हा तो म्हणाला. काट्याने सोळाशेच्या वरचा आकडा दाखवला.

"काटा बिघडलाय."

त्याची बायको लव्होन कुंपणावर हात टेकून उभी होती. "मग तूच चढ ना!"

गाय उतरल्यावर एल्डन चढला. काट्याने त्याचं वजन चोख सांगितलं. लव्होन पोट धरून हसली. एल्डनला हसू आलं नाही. संध्याकाळपर्यंत एकामागून एक गाई चढत राहिल्या. सगळ्या तशाच. मधूनच एखादी बुटकी, कधीकाळी चुकून राहिलेल्या कालवडीच्या वंशातली. तिचं वासरू थोराड गाईच्या वासरापेक्षा थोडंसंच हलकं.

"त्या थोड्याशा वजनासाठी आपण या थोराड गाईंना बारा महिने दीडपट चारतोय," शॉना हळूच म्हणाली. "वासरू एकदा विकतो, डॅड. गाय रोज खाते."

"माझ्या वासरांनी तुला कॉलेजात घातलं."

"घातलं. पण तेव्हा गवत विकत आणत नव्हतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी एल्डननेच गुरं बाजारात नेणाऱ्या ट्रकवाल्याला फोन केला.

आमच्याकडे गाई निवडायची वेळ आली, की अरुंद वाटेतून एकेक गाय पुढे हाकतात आणि फाटकावर मालक उभा राहतो. फाटक एका अंगाला ढकललं की गाय आत, म्हणजे राहिली. दुसऱ्या अंगाला ढकललं की बाहेर, म्हणजे ट्रकमध्ये. दुसऱ्याच्या फाटकाला कुणी हात लावत नाही. एल्डनच्या बापाने हे फाटक सोडलं ते कमरेचं हाड मोडल्यावर.

शॉना गाई हाकत होती. पहिली आली, थोराड. एल्डन म्हणाला, "आत." दुसरी थोराड, "आत." तिसरी बुटकी, तीही आत.

"असंच चाललं तर ट्रकवाल्याला जेवायला घालून रिकामा पाठवू या," लव्होन म्हणाली.

एल्डनने फाटकाची दांडी घट्ट धरली होती. पुढची गाय आली आणि उभीच राहिली, कारण फाटक हललंच नाही. बऱ्याच वेळाने त्याने दांडी सोडली. "शॉना, तू ये इकडे," तो म्हणाला, आणि लंगडत गाईंच्या मागे गेला. आत गेलेल्या दोघी थोराड त्याने परत वाटेत आणल्या.

मग काम भरभर झालं. तो हाकायचा, ती निवडायची. तो वर बघत नव्हता. शेवटाकडे तांबड्या पाठीची एक भली दांडगी गाय आली. तिच्या पोटची कितीतरी वासरं लिलावात वजनाने पहिली आलेली. शॉनाने बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आत."

"ती चुकून आत गेली," एल्डन म्हणाला.

"राहू दे ना, डॅड. एकीने काय होतंय?"

"हेच म्हणत आलोय मी आजवर."

तो स्वतः आत शिरला आणि तिच्या कुशीवर हात ठेवून तिला बाहेर घेऊन आला. ती गडबड न करता चालली. या माणसाने तिला कधी काठी लावली नव्हती. ट्रकच्या फळीवर चढताना ती एकदा थबकली. तोही थबकला. मग त्याने तिला हलकेच पुढे लोटलं.

ट्रक टेकडीआड गेला. राहिलेल्या गाई आवारात निम्म्याहून कमी दिसत होत्या, आणि फार लहान.

"डॅड, आम्ही यायचं ना?" शॉनाने विचारलं. "रागावला नाहीस ना?"

"कडी नीट लाव," तो म्हणाला. "नाहीतर या गाईपण निघून जातील."

तिला हे उत्तर कुठल्या प्रश्नाचं ते कळलं नाही. तिने कडी लावली, ओढून पाहिली. एल्डन पिकअपमध्ये जाऊन बसला होता. इंजिन त्याने सुरू केलं नव्हतं, ट्रक गेला त्या टेकडीकडे तो बघत होता.