गडग्यावरची पानफुटी

पानफुटीला मी कधी पाणी घातलेलं नाही. बहिणीने पावसहून दिलेलं एक पान अंगणाच्या गडग्यावर टाकलं आणि विसरले. पानाच्या कडेला रोपं फुटली, मुळं चिऱ्यांच्या फटीत गेली आणि वर्षभरात कमरेएवढं झुडूप झालं. माझा वैताग तिथून सुरू झाला.

पानफुटी मुतखड्यावर देतात आणि पान अनशापोटी चावायचं असतं. म्हणजे वाडीत कुणाच्याही पोटात दुखलं की सहा वाजता आमचं फाटक वाजलंच. मी अजून चूळही भरलेली नसायची. शेजारीण तर नवऱ्यासाठी रोज यायची. "दोनच पानं घेतेय हो, काकी." झाड कायम बोडकं.

यंदा मुतखडा मलाच झाला. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, तरी म्हटलं, एक पान चावून बघू. झाडावर नुसते दांडे. शेवटी मीच सकाळी शेजारणीकडे गेले. ती मला मागच्या परसात घेऊन गेली. तिथे माझ्याच पानापासून वाढवलेलं झुडूप होतं, हिरवंगार, एक पान तुटलेलं नाही.

तिने निवडून एक पान माझ्या हातावर ठेवलं. "कुणाला सांगू नका हो, काकी. माणसं सकाळी सकाळी येऊन उभी राहतात."